सड्यापुढे ‘निरंक’ लिहू नका : कोकणातल्या जैवविविधता समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सदस्य,
जैवविविधता व्यवस्थापन समिती,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या सर्व ग्रामपंचायती

सप्रेम नमस्कार.

हे पत्र चुकीच्या पत्त्यावर आलं, असं तुमच्यातल्या निम्म्या लोकांना वाटेल. माझ्या ओळखीच्या एका बाईंना आपण या समितीत आहोत हे तीन वर्षांनी कळलं, तेही ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेली नावं वाचताना. तेव्हा आधी भिंत बघून या. २००२ च्या जैविक विविधता कायद्याच्या ४१व्या कलमाने ही समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत आली आणि २००४ च्या नियमांनी तिची तेव्हाची घडण ठरवली : एक अध्यक्ष, सहा सदस्य, त्यांत निदान एक तृतीयांश बायका. तिचं मुख्य काम एकच, गावातल्या माणसांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही लिहिणं.

नोंदवही बहुतेक गावांत आहे. ती कशी झाली हेही सगळ्यांना ठाऊक आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये राज्यांना बजावलं की ३१ जानेवारी २०२० पर्यंत समित्या आणि नोंदवह्या पुऱ्या करा, नाहीतर महिन्याला १० लाख रुपये भरा. मग एकच धावपळ उडाली. कुठे काम बाहेरच्या संस्थेला दिलं, कुठे शेजारच्या तालुक्याची वही समोर ठेवून उतरवली. एका खाडीकाठच्या गावची नोंदवही मी वाचली आहे. नाव सांगत नाही, तिथे आमची सोयरीक आहे. तिच्यात मोह आणि तेंदू भरपूर, खाडीत उगवणारं तिवर मात्र एकही नाही!

यावर हसून सोडून देता आलं असतं. पण पुढे भूरूपांचा तक्ता होता. त्या गावाच्या डोक्यावर दोन-अडीचशे एकरांचा सडा आहे. त्याच्यापुढे दोन शब्द लिहिले होते : ‘पडीक कातळ’. आणि आढळणाऱ्या जातींच्या रकान्यात एक शब्द : ‘निरंक’.

त्या ‘निरंक’साठी हे पत्र लिहितो आहे.

सडा म्हणजे काय हे कोकणात कुणाला सांगायला नको. अंगणात घालतो तो सडा, मागेपुढे कुणी नसलेला माणूस तो सडा, आणि गावाच्या वर जांभ्याचं उघडं मैदान पसरलंय तोही सडाच. गोव्यात मुरगावच्या डोंगरावरच्या वस्तीलाही हेच नाव आहे. महसुलाच्या कागदावर मात्र हा शब्द सापडत नाही. तिथे तो पोटखराबा, नाहीतर पडीक. दिल्लीचा भूसंसाधन विभाग आणि हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र मिळून पडजमिनींचा नकाशासंग्रह काढतात, त्यात उघड्या खडकाळ भागासाठी वेगळा वर्गच आहे. २०१९ च्या आवृत्तीने देशाची जवळजवळ १७ टक्के जमीन असल्या निरनिराळ्या वर्गांत टाकली. जांभ्याला शास्त्राने दिलेलं नाव तरी काय? फ्रान्सिस बुकानन या ब्रिटिश प्रवाशाने केरळात अंगडिपुरमला लोक हा दगड कापून घरं बांधताना पाहिले आणि १८०७ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला ‘लॅटेराइट’ म्हटलं. बारसं करणाऱ्यालाच दगडात वीट दिसली, तर आपल्या चिरेखाणवाल्याला काय बोल लावायचा?

मी या पट्ट्यात जीवशास्त्र शिकवण्यात नोकरीची सगळी वर्षं घालवली. त्यामुळे माझं सड्याचं ज्ञान पुस्तकातलं कमी आणि पोरांनी दाखवलेलं जास्त आहे. आठवीतला एक गवळ्याचा मुलगा होता, वर्गात कायम मागच्या बाकावर. सड्यावर नेलं तेव्हा तो पोटावर आडवा झाला आणि म्हणाला, “सर, ह्यो गेंद येगळो आणि ह्यो येगळो.” गेंद म्हणजे सड्यावरची पांढऱ्या गोंड्यासारख्या फुलांची बुटकी झाडं; मला दोन्ही सारखेच दिसत होते. गेंदांच्या जाती ओळखायला बी सूक्ष्मदर्शकाखाली घालून त्याच्या कवचावरची नक्षी बघावी लागते. ते केलं, तेव्हा मुलगा बरोबर निघाला. तो ते कशावरून सांगत होता हे मला आजही नीट कळलेलं नाही. गुरं एकाला तोंड लावतात, दुसऱ्याला नाही, असं काहीसं तो म्हणाला होता.

मे महिन्यात सड्यावर गेलात तर ‘निरंक’ लिहिणाऱ्याची बाजू पटते. काळा पडलेला कातळ, पायाला चटके, कुठे जाळलेल्या गवताची राख, आणि डोक्यावर ओरडत फिरणारी एखादी माळटिटवी. पण मिरगाच्या चार सरी पडू द्या. कातळाच्या भेगांतून दीपकाडी वर येते, पांढरी, उंच दांड्याची. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने १८५० मध्ये तिचं वर्णन केलं तेव्हा कोकणचं नावच तिला दिलं, ‘कोंकणेन्स’. आषाढात डबकी भरतात, कडेच्या मातीत फोडशी उगवते आणि घराघरांत तिची भाजी होते. सड्यावरची माती वीतभरसुद्धा नसते आणि तिच्यात नत्र-स्फुरद नावालाच. म्हणून इथल्या काही झाडांनी पोटाची वेगळी सोय केली आहे. दवबिंदू पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरतो. सीतेची आसवं वरून इतकी नाजूक दिसतात, पण ओल्या मातीत त्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात, दार असलेल्या. सूक्ष्म जीव जवळ आला की दार उघडतं, पाण्याबरोबर तो आत ओढला जातो, दार बंद. भाद्रपदात गेंदांचा पांढरा आणि आसवांचा जांभळा रंग एकमेकांत मिसळून सडा असा काही होतो, की गणपतीला आलेले चाकरमानी गाडी थांबवून फोटो काढतात आणि ‘आपलं कास’ असं लिहून पाठवतात. कास निराळं. ते सह्याद्रीच्या माथ्यावर हजार मीटरच्या वर आहे आणि २०१२ पासून जागतिक वारशात आहे. आपले सडे समुद्राच्या शेजारचे, बुटके आणि फुलांसाठी कुठल्याच यादीत नसलेले.

गौरीचा तेरडा आणि गणपतीवरच्या माटवीला बांधायचं कवंडळाचं फळ आपण वरच्या अंगाहून आणतो. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, म्हणून सड्यावरच्या तळ्यातून देवभात काढून आणणाऱ्या म्हाताऱ्या माझ्या लहानपणी होत्या. हा देवभात म्हणजे रानटी भात, आपल्या शेतातल्या भाताचा पूर्वज वंश. भातावर संशोधन करणारे जगभर त्याच्या मागे असतात. पुढे आश्विनात गवतं पिकतात. त्यांतल्या एका गवताचं शास्त्रीय नावच ‘ग्लायफोक्लोआ रत्नागिरिका’ आहे. जिल्ह्याचं नाव लावणारं गवत जिल्ह्यातल्या किती जणांनी पाहिलंय, कोण जाणे. दिवाळीच्या पणत्या लागेपर्यंत हे सगळं वाळून, बी होऊन भेगांत गेलेलं असतं.

म्हणजे ज्याला वर्षातले चार महिने आयुष्य आहे, त्याची मोजणी उरलेल्या आठ महिन्यांत केली की शून्य येणारच. आणि गंमत बघा, मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालांसाठी जी पायाभूत पाहणी करतात ती पावसाळा सोडून कुठल्याही एका ऋतूतली चालते, अशी आपल्याकडची रीत आहे. हवेतली धूळ मोजायला ती रीत ठीक असेल. सड्यासाठी ती म्हणजे शाळा मे महिन्यात तपासायला जाऊन पटावर मुलं नाहीत असा शेरा मारण्यासारखी आहे.

आता एका पालीची गोष्ट सांगतो, कारण वर्ग, गोत्र, नाव या सगळ्याचा घोळ तिच्यात आला आहे. सड्यावरच्या दगडाच्या सुट्या चिपांखाली बोटाएवढी एक पाल राहते, अंगावर पांढरे पट्टे. १९६३ मध्ये ग्रँडिसन आणि सोमण यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या नमुन्यांवरून तिची शास्त्रात नोंद केली आणि तिला ‘टेराटोलेपिस’ या प्रजातीत बसवलं. पंचेचाळीस वर्षांनी, २००८ मध्ये, जनुकं तपासली तेव्हा कळलं की ही वेगळ्या घराण्यातली नव्हेच. आपल्या घराच्या भिंतीवर चुकचुकणाऱ्या पालींच्या ‘हेमिडॅक्टिलस’ प्रजातीतली आहे. कातळावर राहून राहून रूप पालटलं, म्हणून सगळे फसले. शास्त्रज्ञांनी निमूटपणे नाव बदललं. चुकीच्या रकान्यात पडलेलं उचलून बरोबर रकान्यात ठेवायचं, हे त्यांच्या कामातलं रोजचंच. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. सड्याचा रकाना बदलायला आपल्याला मात्र भारी जड जातं.

ही पाल आपल्या दक्षिण कोकणातल्या सड्यांचीच. ती झाडावर चढून जगत नाही, घरात येत नाही. तिला चीप लागते, चिपेखालची गार सावली लागते. सडा साफ करून चिपा एका कोपऱ्यात रचल्या की तिचं घर गेलं. तिच्याच शेजारच्या चिपेखाली देवगांडूळ सापडेल, विंचू सापडेल आणि फुरसं तर सापडेलच. आंबोलीकडच्या सदस्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या कातळावरचा पिवळसर ठिपक्यांचा लहान बेडूक २००९ मध्ये स्वतंत्र जात म्हणून जाहीर झाला, आणि पहिल्या पावसाच्या डबक्यांत, ती आटायच्या आत, त्याला अंड्यापासून बेडकापर्यंतचा सगळा संसार उरकावा लागतो. जगातल्या अतिसंकटग्रस्त जातींत त्याची गणना आहे.

सड्याचे वैरी कोण, हे लिहिताना हात थोडा अडखळतो, कारण पहिलं नाव माझ्या घरचं आहे. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, शंभर टक्के अनुदानाची. माझ्या वडिलांनी सड्यावर सुरुंग लावून खड्डे पाडले, खालून गाडीने माती चढवली आणि हापूसची कलमं लावली. त्या कलमांवर माझ्या बहिणीचं लग्न झालं आणि माझी पदविका. तेव्हा कुणी येऊन “इथे पाल राहते” म्हणालं असतं तर वडिलांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. मीही तेच केलं असतं. त्यामुळे बागायतदाराला शिव्या देणारं पत्र माझ्याकडून होणार नाही. पण तेव्हा खड्डे एकेक करून होत होते, वर्षाला वीस-पंचवीस. आता जेसीबी एका आठवड्यात अख्खा सडा उलटा करतो आणि फवारणीचं पाणी उतारावरून खाली जातं. खाली म्हणजे कुठे? जांभा हा भोकाभोकांचा दगड. सड्यावर पडलेलं पाणी त्यातून झिरपतं आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांत, पऱ्यात आणि आपल्या विहिरींत उतरतं. वर चिरेखाण खणून खोल गेली की खालच्या वाडीतली विहीर मार्चऐवजी फेब्रुवारीत तळ दाखवते, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, वहिनींच्या कळशीत पाहिलेलं आहे.

दुसरा वैरी प्रेमळ आहे. तो रोप घेऊन येतो. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी झाडं लावायचं ठरवलं, तेव्हा मोकळी जागा म्हणून सगळ्यांचं बोट सड्याकडे गेलं. शाळेची मुलं, बँकेचे कर्मचारी, फलक, फोटो. ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपं कातळाच्या पोटात कोंबली. बरीचशी पुढच्या उन्हाळ्यात गेली, आणि जगली तिथे तिच्या पाल्याचा थर साचून खालचे गेंद, आसवं, सगळं गुदमरलं. झाड लावणं वाईट असं मी म्हणत नाही. पण जिथे निसर्गाने हजारो वर्षं झाड उभं राहू दिलं नाही, तिथे काहीतरी दुसरं उभं आहे, एवढी शंका तरी यायला हवी होती. त्या दिवशी मीही मुलांना घेऊन गेलो होतो, तेही सांगून टाकतो.

कातळशिल्पांमुळे अलीकडे सड्याला थोडा भाव आला आहे. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातली सात ठिकाणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसाईमाळ, अशी नऊ ठिकाणं २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्या चित्रांत हत्ती आहे, गेंडा आहे, मुशी आहे, पाकट आहे. कुणा आदिमानवाने, लवादाच्या तंबीशिवाय, आपल्या परिसरातले जीव कातळावर कोरून ठेवले. ती नोंदवही अजून वाचता येते. आपण मात्र त्या चित्राभोवती चिऱ्याचा कठडा बांधतो, तोही दुसऱ्या कुठल्या सड्याच्या चिऱ्याचा, आणि कठड्याबाहेरचा कातळ मोकळा समजतो. बारसूच्या सड्यावर २०२३ च्या एप्रिलमध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती तपासायला यंत्रं आली आणि गावकरी उन्हात आडवे झाले. त्या वादात कोण बरोबर याचा निवाडा मी इथे करत नाही. पण दोन्ही बाजूंचे लोक बोलताना ऐकले तेव्हा एक गोष्ट खटकली. बाजूने बोलणारे म्हणत होते, “नुसता कातळ तर आहे.” विरोध करणारे म्हणत होते, “आमच्या बागा जातील.” सडा म्हणून सड्याची बाजू कुणीच मांडत नव्हतं. ती मांडायचा अधिकार कायद्याने ज्यांना दिला आहे ते तुम्ही.

अडचण मला माहीत आहे. सडा बहुतेक खाजगी. सातबाऱ्यावर तीस नावं, त्यांतली वीस मुंबईला, चार वारलेली. एजंट येतो, एकेकाला गाठून सह्या घेतो. ज्याला वर्षाला सड्यातून गवताचे चार भारे मिळतात त्याला एकरकमी पैसे दिसले तर तो घेणारच. जैवविविधता समितीने ठराव करून ते थांबत नाही. पण नोंदवहीत जर ‘पडीक कातळ, निरंक’ असेल, तर उद्या कुणी अधिकारी, कुणी न्यायाधीश, कुणी शहाणा पुतण्या ती वही उघडेल तेव्हा तुमच्याच सहीनिशी तिथे काही नाही असं वाचेल. खाणवाल्याला याहून सोयीचा कागद कुठला?

म्हणून ते पान पुन्हा लिहा. नोंदवही एकदा लिहून कपाटात ठेवायची वस्तू नाही, ती वेळोवेळी सुधारायची असते. ‘पडीक’ खोडा, ‘सडा’ लिहा. गट क्रमांक टाका, कुठे तळं आहे, कुठे झरा फुटतो, कुठली विहीर त्यावर जगते ते लिहा. जातींची नावं शास्त्रीयच हवीत असं नाही. गावात जे म्हणतात ते लिहा, शेजारी फोटो लावा, लॅटिन नाव लावायला कॉलेजातली मुलं आनंदाने येतील. मात्र माहिती शिक्षकाला विचारू नका, सरपंचाला तर नकोच. गुराख्याला विचारा, गवळीवाड्यात बसा, देवभात काढणारी एखादी आजी उरली असेल तर आधी तिच्याकडे जा. ती गेली की तो रकाना कुणालाच भरता येणार नाही. आणि चार खेपा घाला : मिरगात, श्रावणात, गौरी-गणपतीत, नवरात्रात. पाचवी मे महिन्यात घातलीत तरी चालेल, मोकळा कातळ कसा दिसतो तेही नोंदवायला हवं.

एखादा तुकडा फारच मोलाचा वाटला तर कलम ३७ आहे. त्याखाली राज्य सरकार जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करतं. “आपल्या गावाचं कोण ऐकणार” म्हणाल, तर दोन्ही उदाहरणं सिंधुदुर्गातलीच आहेत. दोडामार्गातल्या बांबर्ड्याची रानजायफळाची दलदल जेमतेम अडीच हेक्टर. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी २०२० मध्ये माशाची एक नवी जात जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी २.११ हेक्टर जागा तिच्या नावाने राखली गेली. देवळापुढच्या कुंडातल्या बोटभर माशासाठी! गुरं चारणं बंद होईल, अशी भीती लोक घालतात. या स्थळांची मार्गदर्शक तत्त्वं उलट सांगतात : लोकांनी स्वतः होऊन ठरवलं त्यापलीकडे त्यांच्या रूढ वापरावर बंधन येत नाही. हे वाक्य छापून ग्रामसभेत लावा, अर्धी भांडणं तिथेच मिटतील.

माझ्याकडून एवढंच होण्यासारखं आहे : राजापूर आणि देवगड तालुक्यांतली कुठलीही समिती सड्यावर जाणार असेल तर मी बरोबर येईन. मानधन नको, घावणे आणि चहा चालेल. पहिली खेप मिरगाच्या पहिल्या पावसानंतरच्या रविवारी, सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. पायात बूट घाला, चपला नकोत, फुरशांचे ते दिवस असतात आणि ओल्या कातळावर शेवाळ निसरडं असतं. भिंग नसेल तर मी आणतो. चीप उचलून खाली बघायला हरकत नाही, पण ती होती तशीच, त्याच अंगाने परत ठेवायची. आणि येताना नोंदवहीचं ते पान घेऊन या, खोडरबर लागणार नाही, पेनाने लिहिलेलं आहे, काट मारून वर सही करू.

आपला,
सड्याखालच्या वाडीतला एक निवृत्त शिक्षक